धूळ इवलीशी, पण ग्रह गिळून बसते

प्रश्न : सर, मागच्या अंकात तुम्ही लिहिलं होतं की जवळच्या ताऱ्यांभोवती पृथ्वीसारखा ग्रह हुडकायचा तर तिथली कोमट धूळ आडवी येते. आता धूळ केवढी, ग्रह केवढा, धूळ ग्रहाला झाकणार कशी? आणि त्या धुळीचं मॉडेल करतात म्हणजे नेमकं काय करतात? आमच्या औंढ्याला लिगो होतंय, त्यात दिसेल का हे?
– एक वाचक, वसमत (जि. हिंगोली)

उत्तर : झाकत नाही हो, दिपवते. रात्री पाणंदीनं ट्रॅक्टर गेला की त्याच्या मागून मोटारसायकलवर जाऊन बघा, फुफाटा उडालेला असतो आणि आपल्याच हेडलाइटचा उजेड त्यात अडकून समोर पांढरी भिंत उभी राहते. खेळ सगळा पृष्ठभागाचा. एक सेंटिमीटरचा खडा कुटून दशांश मिलिमीटरचे कण केले तर वजन तेवढंच, पण उजेड पकडायला जागा शंभरपट होते. आपल्या सूर्याभोवती धूमकेतू आणि लघुग्रहांची अशी धूळ आहे, वजनाला ग्रहांपुढं काहीच नाही, तरी लांबून कुणी बघितलं तर सूर्याखालोखाल उजेड तिचाच, गुरूचा पण नाही.

आणि ही कोमट धूळ लई खोडसाळ. साध्या प्रकाशात सूर्य पृथ्वीपेक्षा हजार कोटीपट झगझगीत, तेच दहा मायक्रॉनच्या अवरक्त किरणांत (कोमट वस्तू सोडतात ते न दिसणारे किरण) साधारण एक कोटीपट, म्हणून तिकडं बघणं सोपं वाटतं, पण पृथ्वीएवढ्या अंतरावरची धूळ पण पृथ्वीएवढीच कोमट असते आणि त्याच किरणांत चमकते, मग वेगळं काढणार कसं?

आता मॉडेलचं. अमेरिकेतल्या ॲरिझोनात एका डोंगरावर ८.४ मीटरचे दोन आरसे शेजारी-शेजारी आहेत, लार्ज बायनॉक्युलर टेलिस्कोप. दोन्हीकडचा उजेड असा एकत्र आणतात की एकाची लाट वर तेव्हा दुसऱ्याची खाली, त्यामुळं तारा विझतो, आणि बाजूची धूळ उरते. पण मिळतं काय, तर एक आकडा, एवढा उजेड गळाला एवढंच. धूळ कुठं किती पसरलीय त्याचा फोटो नाही. म्हणून मग आपल्या घरच्या धुळीचा साचा घेतात, तारा चौपट तेजस्वी असला तर तो साचा दुप्पट लांब ताणतात म्हणजे ऊब सारखी पडते, आणि असा साचा किती पट दाट केला की तेवढा उजेड गळेल ते काढतात. आपल्याकडं आहे तेवढी धूळ म्हणजे एक झोडी. ३८ तारे असे तपासले, २०२० मध्ये निकाल आला, सूर्यासारख्या ताऱ्यांचा मध्यक (निम्मे तारे त्याच्या खाली, निम्मे वर) ३ झोडी, पण खात्रीनं एवढंच सांगता येतं की तो २७ च्या आत आहे. एप्सिलॉन एरिडानी हा तारा आपल्यापासून साडेदहाच प्रकाशवर्षं, तिथं मात्र ३०० च्या आसपास.

मला स्वतःला यातला साचा जरा खटकतो. दुसऱ्याच्या घरचा पसारा आपल्या घरासारखाच असेल हे कशावरून? धुळीत गुठळ्या असल्या की त्या ग्रहासारख्या दिसतात, आपल्याच पृथ्वीच्या मागं अशी एक दाट धूळ फिरतेय. मीनास्य ताऱ्याजवळ २००८ मध्ये ग्रह सापडला म्हणून केवढा गाजावाजा झाला, आणि २०२० मध्ये अभ्यासकांनी दाखवलं की तो बहुतेक टकरीतून उडालेला धुरळा होता, पसरत पसरत विरून गेला. (ती धूळ लांबची, थंड होती, पण फसवायची तऱ्हा तीच.)

लिगोत हे दिसणार नाही. तिथं चार किलोमीटरच्या दोन नळ्यांत लेसर सोडून गुरुत्वीय लहरी मोजणार आहेत. लाटेवर लाट घालून उजेड विझवायची युक्ती मात्र हीच.

बाकी आपल्या घरची धूळ तुम्हाला फुकटात दिसेल. चाकूरजवळ एका शेतात हुरडा खायला गेलो होतो, लाइट गेलेली, पश्चिमेला फिकट उजेडाचा सुळका दिसला, मी म्हणलं तालुक्याच्या गावाचा असेल. पण गावाचा उजेड क्षितिजाला चिकटून असतो, हा पार वर चढत निमुळता होत गेलेला. तीच ती आपली धूळ, सूर्याच्या उजेडात चमकणारी. फेब्रुवारी-मार्चात अमावस्येच्या आसपास, सूर्य बुडाल्यावर सव्वा तासानं बघा, मोबाइल खिशात ठेवून.