आजीच्या नऊवारीची बाळासाठी गोधडी हातानं शिवायला जमेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजी गेल्यावर तिच्या चार सुती नऊवारी साड्या तुमच्याकडे आल्या. बहिणीला बाळ होणार आहे आणि त्यातल्या एका साडीची गोधडी शिवून तिला द्यायची आहे. घरी शिलाई मशीन नाही, शिवणाची सवय नाही, क्रोशे थोडंफार येतं. आणि साडीला कात्री लावायचा धीर होत नाही. मग गोधडी जमेल का, की क्रोशेचं ब्लँकेटच विणावं?

जमेल. मशीन नाही म्हणून अडून बसू नका, जुन्या मऊ कापडाच्या पाच थरांवर मशीनची टीप कडक बसते आणि गोधडीचा लुसलुशीतपणा जातो. हाताचा धावदोरा सैल बसतो, कापडाला श्वास घेऊ देतो. माझं माहेर कोल्हापूरकडचं. आमच्याकडे हिला वाकळ म्हणतात, सीमेपलीकडे कर्नाटकात तीच कौदी होते, आणि बाळाची लहान, पातळ असली की दुपटं. नात्यातल्या, शेजारपाजारच्या बाळांसाठी मी गेली बरीच वर्षं शिवते आहे, तेव्हा जे सांगते ते हाताखालून गेलेलं आहे.

आधी साडीचं. चारही साड्या उजेडासमोर धरून बघा. नऊवारी ओच्याला आणि बसायच्या जागी आधी विरते, तिथं उन्हात धरली की जाळी दिसते. चारांतली जी सगळ्यात जास्त विरलेली आहे तीच गोधडीला घ्या. ती आता कुणी नेसू शकणार नाही, ट्रंकेत ठेवली तरी घड्यांवर फाटत जाईल. बाकीच्या तीन राहू द्यात. आणि निवडलेल्या साडीचाही पदर मी कधी गोधडीत घालत नाही. तो मीटरभर तुकडा वेगळा काढून, धुऊन, घडी करून ठेवते. तुम्हीही तसं करा, म्हणजे पुढच्या कामाला हात सहज उचलेल.

जुनंच कापड का, हेही सांगते. बाळंतविड्यात झबली, टोपडी, कुंची सगळं नवं असलं तरी जन्मल्या बाळाच्या अंगाला आपल्याकडे पहिलं लागतं ते घरातलं धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड. आजीची साडी शेकडो वेळा धुतली गेली आहे. तिच्यात खळ उरलेली नाही, सुटेल तेवढा रंग केव्हाच सुटून गेला आहे, आटायची तेवढी आटली आहे. असं कापड दुकानात मिळत नाही. भाचीच्या दुपट्याला शोभा यावी म्हणून मी एकदा भोवतीनं नवी कोरी लाल सुती पट्टी लावली होती, आधी न धुता. पहिल्याच धुण्यात पांढरं दुपटं गुलाबी डागांनी भरलं. तेव्हापासून नवा कपडा लावायचाच असेल तर तो तीन-चार वेळा धुऊन, ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून इस्त्री फिरवून बघते. फडक्यावर रंग उतरला तर तो कपडा नको.

आता कापायचं. खरं तर साडी कापायची नाही, फाडायची. कडेला कात्रीनं बोटभर छेद द्या आणि दोन्ही हातांनी ओढा. सुती कापड आडव्या धाग्याला धरून टर्रकन सरळ फाटत जातं, पट्टी घेऊन आखलेल्या रेघेपेक्षाही सरळ. काठाशी अडेल, तिथं पुन्हा कात्री. फार विरलेल्या जागी मात्र ओढू नका, वेडंवाकडं जाईल.

माप सोपं आहे. नऊवारी म्हणजे नऊ वार, साधारण ८.२ मीटर. दोन्ही काठ काढले की पन्हा मीटरभर उरतो. म्हणजे एका साडीतून मीटर बाय मीटरचे आठ चौकोन निघतात. त्यातला पदर बाजूला ठेवला की सात. पाच गोधडीला, उरलेल्या दोनांचं एक दुहेरी दुपटं किंवा लंगोट. काठ जरीचा असेल तर तो बाळाच्या वस्तूला अजिबात नको, टोचतो. साधा सुती काठ असेल तर शेवटी कडेला गोट म्हणून लावता येतो आणि फार सुंदर दिसतो.

पाच चौकोनांतले सगळ्यात धड दोन वर-खाली, विरलेले तीन पोटात. भोक असेल तर त्यावर मागून ठिगळ ठेवा, टाके त्याला आपोआप धरतील. आत कापूस, फोम किंवा पॉलिस्टरचं भरण घालू नका. कृत्रिम धाग्याची साडीही नको. ती थरांत घसरते, सुईला दाद देत नाही, आणि आपल्या हवेत बाळाला घाम आणते.

आता ज्या कामाला सगळे कंटाळतात आणि ज्यावर सगळी गोधडी उभी असते, त्याकडे येते: थर मांडणं आणि टाचण, म्हणजे थर हलू नयेत म्हणून आधी घालायचे आणि शेवटी काढून टाकायचे ढोबळ टाके. माझी पहिली वाकळ मी मुलासाठी शिवली, आठवा महिना चालू असताना. टाचण म्हणजे वेळ घालवणं असं वाटलं, म्हणून थेट कडेनं पक्के टाके घालायला बसले. आमच्याकडची रीत कडेपासून गोल गोल आत यायची. चौथ्या-पाचव्या फेरीपर्यंत छान दिसत होतं. अर्ध्यावर आल्यावर हात फिरवला तर मधोमध सहा बोटं जास्तीचं कापड फुगून आलेलं. वरचा थर प्रत्येक फेरीला थोडा थोडा आत सरकत गेला होता. दोन संध्याकाळी नुसते टाके उसवण्यात गेले, आणि विरलेल्या कापडातून दोरा ओढताना तीन जागी ते फाटलं. आई तेव्हा बाळंतपणासाठी येऊन राहिली होती. तिनं काही न बोलता फरशी पुसली, सगळे थर परत पसरले आणि माझ्या हातात लांब दोऱ्याची सुई दिली.

ती करते तसंच सांगते. फरशी पुसून कोरडी करा, पंखा बंद. खालचा चौकोन उलटा अंथरा, म्हणजे त्याची सुलट बाजू जमिनीकडे. मधोमध तळवा ठेवून बाहेरच्या बाजूला हात फिरवत या, जसं पोळीवर तूप पसरवतो तसं. ओढायचं नाही, नुसतं निवळू द्यायचं. त्यावर पोटातले तीन थर, प्रत्येक वेळी तेच. हे तीन थर चारी बाजूंनी दोन-दोन बोटं कमी करून घ्या, नाहीतर कडा इतक्या जाड होतात की सुई मोडते. मग वरचा चौकोन सुलटा. चार कोपऱ्यांवर वजन ठेवा. आमच्या आजीच्या वेळी वरवंटा, पाट, तांब्या असं काहीही असायचं. आता वरच्या आणि खालच्या थराच्या कडा बोटभर आत दुमडून एकमेकींवर बसवा आणि टाचण्या लावा.

मग टाचण. वेगळ्या रंगाचा दोरा घ्या, म्हणजे नंतर काढताना दिसेल. मध्यापासून सुरुवात करायची, दोन-दोन बोटांचे ढोबळ टाके: आधी अधिकचं चिन्ह, मग दोन तिरक्या रेघा, मग वीतभर अंतरानं आडव्या ओळी, सगळ्यात शेवटी कडा. प्रत्येक वेळी मध्याकडून बाहेर, म्हणजे असलेला झोळ कडेला निघून जातो. याला दीड तास लागेल. पूर्ण झाल्यावर गोधडी दोन्ही हातांनी उचलून झटका. थर हलले नाहीत तर टाचण बरोबर आहे, हलले तर आणखी ओळी घाला.

दोरा सुतीच. माझ्या अनुभवात पॉलिस्टरचा दोरा विरलेल्या कापडाला काचतो. कशिद्याचा सहा पदरी दोरा सगळीकडे मिळतो. आठ मीटरच्या लडीचे तीन-तीन पदर वेगळे केले की सोळा मीटर होतात, तेव्हा चार लडी पुरतील. एका वेळी हातभरच दोरा घ्या, लांब घेतला की गुंततो आणि घासून विरतो. मेणावरून एकदा ओढून घेतला तर बरा चालतो. मधल्या बोटात अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलायची टोपी, हवंच. पाच थरांतून सुईचं बूड ढकलताना दुसऱ्याच दिवशी बोटाला भोक पडतं आणि काम बंद होतं.

पहिल्यांदाच शिवताय, तर आमच्यासारखं गोल गोल जाऊ नका. मधोमध एक सरळ ओळ, मग तिच्या दोन्ही बाजूंना बोटभर अंतरानं ओळी. गाठ बाहेर नको: दोऱ्याला बारीक गाठ मारून सुई वरच्या थराखालून काढा आणि हलका हिसका द्या, गाठ आत जाऊन बसते. डावा हात गोधडीखाली घाला. खालून येणारं टोक त्या हाताच्या बोटाला लागलं की सुई वर वळवायची, म्हणजे टाका पाचही थरांतून गेल्याची खात्री होते. सुईवर तीन-चार टाके भरायचे, मग ओढायचं. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, दोन टाक्यांतली जागाही तेवढीच. सुरुवातीला एक मोठा, एक बारीक असं होईल. होऊ द्या, उसवू नका. दोरा मात्र ताणू नका, प्रत्येक ओळीनंतर तिच्यावर अंगठा फिरवा, चुण्या सुटतात.

हिशेब करायचा तर बोटभर अंतरानं सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस ओळी होतील, म्हणजे ४५ मीटर टाके. नवशिक्या हाताला एका ओळीला पंधरा मिनिटं धरा, बारा तास. रोज तासभर बसलात तर पंधरा दिवसांत मांडण्या-टाचण्यासकट होते. बारशाच्या आधी महिनाभर तरी सुरुवात करा, घाईत टाके लांबतात.

कोपऱ्यांकडे लक्ष द्या, गोधडी तिथूनच उचलली जाते आणि तिथूनच उसवते. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ भागातल्या सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायका त्यांच्या गोधडीला, कवंदीला, चारी कोपऱ्यांत रंगीत त्रिकोणी घड्या शिवतात, त्यांना फुला म्हणतात. फुला नसतील तर त्यांच्या लेखी कवंदी पुरी होत नाही. मी हे बघितल्यापासून माझ्याही दुपट्यांना काठाच्या तुकड्याचा एक-एक त्रिकोण लावते. कोपरा भक्कम होतो आणि आजीच्या साडीचा काठही दिसत राहतो.

क्रोशेचं विचारलंत. लहान बाळासाठी जाळीचं ब्लँकेट मला पटत नाही. खांबांच्या आणि साखळ्यांच्या भोकांत बाळाची बोटं अडकतात, आणि बाजारातली बरीचशी लोकर ॲक्रिलिकची असते. गोधडीच्या कडेलाही क्रोशेची लेस लावू नका, त्याच कारणानं. हात शिवशिवतच असतील तर सुती दोऱ्यानं मुक्या खांबाची घट्ट विणलेली पिशवी करा, गोधडी तिच्यात घालून द्या.

एक गोष्ट बहिणीला आवर्जून सांगा. वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपायच्या जागी सुटी, जाड पांघरुणं ठेवू नयेत, तोंडावर येण्याची भीती असते, असं डॉक्टर सांगतात. तेव्हा सुरुवातीला ही गोधडी मांडीवर घेताना, मालिशीच्या वेळी, बाळ जागं असताना खाली अंथरायला. पांघरायला नंतर आयुष्य पडलं आहे.

शेवटची ओळ घालण्याआधी कडेला चार बोटांची फट ठेवा. माझी आजी त्या फटीतून तांदळाचे चार दाणे आत सोडायची आणि मगच टाका घालायची. वाकळेचं पोट उपाशी ठेवू नये, म्हणायची. बाकी कुठलाही नेम न पाळणारी मी, हा एक अजून पाळते.

मग टाचणाचा रंगीत दोरा उसवून काढा आणि देण्याआधी एकदा धुवा: गार पाणी, सौम्य साबण, एकटीच, पिळायची नाही. दाबून पाणी काढा आणि दोन दोऱ्यांवर आडवी पसरा. पाच थर वाळायला कडक उन्हातही दिवस जातो, म्हणून पावसाळ्यात धुऊ नका, आतून कुबट वास धरते. आमच्याकडे घरातल्या सगळ्या वाकळा नवरात्राच्या आधी नदीवर जायच्या त्याचं हेही एक कारण. वाळली की टाक्यांमधलं कापड किंचित वर येईल, ओळींना बारीक लाटा पडतील. ते बिघडलेलं नाही, गोधडी तशीच दिसायला हवी.

टाचण घालून झालं की एक फोटो टाका. पक्के टाके घालण्याआधी कुठं झोळ राहिला असेल तर सांगता येईल.