वाचकांचे प्रश्न : हुक वर जाण्याआधी

प्रश्न : मी नुकताच एका कारखान्यात रिगरच्या, म्हणजे क्रेनने उचलायचे अवजड भार बांधणाऱ्यांच्या, टोळीत हेल्पर म्हणून लागलो आहे. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाचे प्रशिक्षण झाले, हेल्मेट, बूट आणि हातमोजे मिळाले आणि कागदावर सही घेतली. स्लिंगच्या (भार हुकाला अडकवण्याच्या पट्ट्याच्या, दोराच्या किंवा साखळीच्या) बिल्ल्यावर 5 टन लिहिले असेल तर ती 5 टन उचलते, एवढेच सांगितले. इतक्या माहितीवर कामाला लागावे का?

उत्तर : नाही. बिल्ल्यावरचा आकडा खरा असतो, पण एका पायाच्या, म्हणजे एकच पट्टा किंवा दोर असलेल्या, स्लिंगवर तो ती सरळ उभी टांगलेली असताना पेलवणाऱ्या वजनाचा असतो, आणि हे वाक्य तुमच्या प्रशिक्षणातून गळले आहे. पाण्याने भरलेली बादली दोघांनी मिळून उचलून पाहा. दोघे जवळ उभे असले की प्रत्येकाच्या वाट्याला निम्मे वजन येते. एकमेकांपासून लांब सरकलात, हात तिरके झाले, की थेंबभर पाणी न वाढताही तीच बादली खांदे ओढू लागते. दोन स्लिंगांनी उचललेल्या भाराचे नेमके हेच होते.

समजा, भार 8 टनांचा आहे आणि 5 टनांच्या दोन स्लिंग लावल्या आहेत. दोन्ही उभ्या असतील तर प्रत्येकीवर 4 टन येतात. आडव्या रेषेशी त्यांचा कोन 60 अंशांचा झाला की प्रत्येकीवर सुमारे 4.6 टन, 45 अंशांवर सुमारे 5.7 टन, म्हणजे बिल्ल्याची मर्यादा ओलांडली, आणि 30 अंशांवर प्रत्येक स्लिंग एकटीने पूर्ण 8 टनांचा ताण घेत असते. कामावर कोनमापक नसला तरी अडत नाही. भारावरच्या दोन अडकवण्याच्या जागांमधले अंतर आणि एका स्लिंगची लांबी सारखी असेल, तर कोन 60 अंशांचा असतो. ते अंतर स्लिंगच्या जवळजवळ दीडपट दिसू लागले, तर तुम्ही 45 अंशांच्याही खाली आला आहात. तेथे थांबून लांब स्लिंग मागवावी. चार पायांची स्लिंग असली तरी ताठ, न वाकणाऱ्या भाराचे वजन चारही पायांवर सारखे पडेल असे धरून चालू नये, कारण एखादा पाय किंचित लांब असला तरी सगळा भार दोनच पायांवर जाऊ शकतो. स्लिंगचा फास करून भार आवळला, तर तिची क्षमता उभ्या क्षमतेच्या साधारण 75 ते 80 टक्क्यांवर येते, हेही लक्षात ठेवावे.

आता भार 8 टनांचाच आहे, हे कोणी ठरवले? माझ्या मते प्रशिक्षणाचा पहिला तास वजन काढण्यावरच खर्च व्हायला हवा. एक चौरस मीटर आणि एक मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन 7.85 किलो असते. म्हणून 3 मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि 20 मिलिमीटर जाड प्लेट सुमारे 706 किलोंची भरते. काँक्रीटचा घनमीटर अंदाजे 2.4 टनांचा धरावा. टाकीच्या तळाशी पाणी, तेल किंवा गाळ राहिला आहे का, हे उघडून पाहावे. अंदाज बांधता येत नसेल तर सुपरवायझरला ड्रॉइंग दाखवायला सांगावे. तसे विचारण्यात नव्या माणसाने कमीपणा मानू नये.

प्रश्न : मी मुकादम आहे. बेल्टच्या, म्हणजे विणलेल्या पट्ट्याच्या स्लिंगच्या, कडेला लहानसा काप गेला, तर जुनी माणसे तेथे गाठ मारून काम भागवतात. वायर रोपची (पोलादी तारांच्या दोराची) एखादी तार तुटली तर तोही टाकून द्यायचा का?

उत्तर : काप गेलेला बेल्ट त्याच क्षणी बाद समजावा. गाठीने बेल्ट आणखी कमकुवत होतो. बिल्ला वाचता येत नसलेला बेल्टही वापरू नये. बाद बेल्ट कोपऱ्यात टाकला की घाईच्या वेळी कोणीतरी उचलतोच, म्हणून तो तेथेच कापून त्याचे तुकडे करावेत. बेल्ट धारदार कडेवर बसत असेल तर मध्ये जाड गादी घालावी. नायलॉनला आम्ल सोसत नाही आणि पॉलिएस्टरला तीव्र अल्कली, हे रसायनांजवळ काम करणाऱ्यांना माहीत असावे.

वायर रोपच्या एका तुटक्या तारेवरून तो बाद होत नाही. एक लड (तारा पिळून केलेला दोराचा एक पदर) दोराभोवती पूर्ण वेढा घेते तेवढ्या लांबीत 10 तारा, किंवा तेवढ्याच लांबीत एकाच लडीतल्या 5 तारा तुटलेल्या आढळल्या, की स्लिंग बाद करण्याचा मापदंड प्रचलित आहे. दोर चेपला, दुमडून मुरडला किंवा फुगून उकलला असेल तर मोजत बसू नये. तपासताना दोरावरून उघडा तळहात फिरवू नका, चिंधी फिरवा. तुटकी तार चिंधीत अडकते.

प्रश्न : माझे पती रिगिंगच्या कामावर आहेत. गेल्या वर्षी त्यांच्या सोबत्याची दोन बोटे साखळी आणि भार यांच्यामध्ये चिरडली. इतक्या अनुभवी माणसाच्या हातून असे कसे घडते?

उत्तर : आपली काळजी योग्य आहे. साखळी सैल असताना घसरू नये म्हणून माणूस ती बोटांनी धरून ठेवतो, क्रेन हळूच ताण घेते, आणि शेवटची ढील निघते त्या क्षणी बोट काढायला वेळ उरत नाही. वर्षानुवर्षे काही झाले नाही म्हणून हात तेथेच राहतो. साखळी जागेवर धरायचीच असेल तर बोटे तिच्याभोवती न वळवता उघड्या पंजाने बाहेरून दाबावी, किंवा काठी वापरावी. सिग्नल देणाऱ्याने सर्वांचे दोन्ही हात मोकळे दिसल्याशिवाय ‘उचल’ म्हणू नये.

भार जेमतेम जमिनीवेगळा करून थांबावे. एक बाजू झुकली तर गुरुत्वमध्य हुकाच्या बरोबर खाली आलेला नाही. भार खाली ठेवून पुन्हा बांधावा, वर चढून किंवा हाताने दाबून तो सावरू नये. झोके रोखायला मार्गदर्शक दोरी बांधावी. सिग्नल एकानेच द्यावा, मात्र ‘थांबा’चा इशारा कोणीही, अगदी त्या दिवशी आलेल्या हेल्परनेही दिला, तरी क्रेनचालकाने थांबलेच पाहिजे. आपल्या पतींच्या कामावर हा नियम पाळला जातो का, हे त्यांना जरूर विचारा.

भार उतरवताना खाली लाकडी ठोकळे आधीच मांडलेले असावेत, म्हणजे स्लिंग काढण्यासाठी कोणाला भाराखाली हात घालावा लागत नाही.