अमेरिकी संरक्षण खात्याच्या पीओवरचा (परचेस ऑर्डरवरचा) १३ अक्षरी नंबर कसा वाचायचा?

रबाळे एमआयडीसीतल्या सप्लायरने विचारलंय, की एन०००२४-२५-सी-५३०१ अशा धाटणीच्या नंबरातून काय कळतं. चार भाग पाडा.

पहिली ६ अक्षरं म्हणजे कंत्राट काढणाऱ्या ऑफिसचा कोड. पुढचे २ अंक आर्थिक वर्षाचे, आणि गोंधळ इथेच होतो: त्यांचं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, म्हणून नोव्हेंबर २०२४ च्या कंत्राटावर २५ येतं. चूक समजून ते २४ करू नका. नववं अक्षर सर्वात कामाचं. सी म्हणजे स्वतंत्र कंत्राट, पी म्हणजे परचेस ऑर्डर, डी म्हणजे मागणीनुसार माल घेण्याचं मूळ कंत्राट आणि एफ म्हणजे त्याखाली निघालेली ऑर्डर. एफ दिसलं तर बिलावर डीवालं मूळ कंत्राटही लिहा. एकच नंबर टाकला तर बिल जुळत नाही. शेवटची चार अक्षरं अनुक्रमाची.

अनुक्रमात आय आणि ओ ही अक्षरं वापरतच नाहीत, त्यामुळे तिथे गोल दिसला की तो शून्यच. ऑनलाइन भरताना डॅश काढून टाका. परचेस ऑर्डरच्या नंबरातल्या शेवटच्या पी-०००१ सारखा दिसणारा, पण सहा अक्षरी पी००००१ हा कंत्राटातल्या दुरुस्तीचा क्रमांक असतो. तो वेगळ्या रकान्यात जातो, मूळ नंबराला चिकटवू नका.