आवर्तसारणीतला 'आवर्त' आला कुठून?

पुण्यात सहकारनगरला राहणाऱ्या एका आजींचा प्रश्न आहे. त्यांची नात दहावीत आहे. तिला विज्ञानातला मूलद्रव्यांच्या वर्गीकरणाचा धडा समजावून देताना आजी 'आवर्त' या शब्दाशी अडल्या. आवर्त म्हणजे नदीतला भोवरा, असे त्या लहानपणापासून समजत आल्या आहेत. मग चौकटीचौकटींच्या सरळसोट तक्त्यात भोवरा कशाला? नुसते 'मूलद्रव्यांचा तक्ता' म्हटले तर काय बिघडते? आणि 'आवर्तसारणी' म्हणावे की 'आवर्ती सारणी'?

आजी, तक्ता म्हटले तर बरेच बिघडते. तक्ता बाराखडीचाही असतो आणि रेल्वेच्या भाड्याचाही. मूलद्रव्यांची नावे वर्णानुक्रमे लावून तक्ता कुणीही केला असता. शोध लागला तो वेगळाच होता: मूलद्रव्ये हलक्याकडून जडाकडे मांडत गेले की काही पावलांनी तेच गुणधर्म फिरून येतात. हे 'फिरून येणे' त्या शब्दात आहे, म्हणून तो सोडू नये.

तुमचा भोवराही चूक नाही. मूळ धातू 'वृत्'. त्याला 'आ' लागला की वळून, फिरून येण्याचा अर्थ येतो. भोवऱ्यात पाणी तेच करते. पण मराठीत हा शब्द नदीपुरता राहिलेला नाही. पुण्यात तर तो रोज कानावर पडतो. ऋषिपंचमीच्या पहाटे दगडूशेठ गणपतीसमोर बायका अथर्वशीर्षाची आवर्तने करतात. तबलजी तीनतालाचे आवर्तन पुरे करून समेवर येतो. उन्हाळ्यात पेपरात बातमी असते, 'खडकवासल्यातून शेतीसाठी आवर्तन सोडले'. बँकेत आवर्ती ठेव असते. सगळीकडे एकच गोष्ट आहे, सुरू झाले तिथे फेरा परत येतो. इंग्रजीतल्या 'पिरियड'चे मूळही ग्रीकमध्ये असेच आहे, 'भोवती' आणि 'वाट' हे दोन शब्द जोडून झालेले. वळसा घालून परत येणारी वाट. त्याला आपल्याकडे 'आवर्त' मिळाला, याहून नेमका शब्द मला तरी सुचत नाही.

आता खरोखरचा भोवरा दाखवतो. १८६२ साली द शांकूर्तवा नावाच्या फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञाने एका नळकांड्याचा घेर सोळा भागांत विभागला आणि त्यावर मळसूत्रासारखी चढत जाणारी रेघ काढून अणुभाराप्रमाणे, म्हणजे अणू किती जड त्याप्रमाणे, मूलद्रव्ये मांडली. लिथियमचा अणुभार ७, सोडियमचा २३, पोटॅशियमचा ३९. दर वेळी सोळाने वाढ. त्यामुळे ही तिन्ही मऊ, पाण्यात टाकताच प्रक्रिया करणारी धातुरूप भावंडे नळकांड्यावर बरोबर एकाखाली एक आली. सोळा मात्रांचे आवर्तन आणि प्रत्येक समेला तेच घराणे! नातीला हे करून दाखवा. कागदाची लांब पट्टी घ्या, सारख्या अंतरावर १ ते ४० आकडे लिहा, आणि सोळा घरांत एक वेढा पुरा होईल अशा जाडीच्या डब्याभोवती ती तिरकी गुंडाळा. ७, २३, ३९ आपोआप एका उभ्या रेघेत येतील. दुर्दैवाने शांकूर्तवांचा लेख छापला गेला तो आकृतीविना, आणि वाचणाऱ्यांना काही उमगले नाही.

पुढे इंग्लंडच्या न्यूलँड्स या रसायनशास्त्रज्ञांनी तर सरळ संगीताचाच आधार घेतला. लिथियम ते फ्लोरीन ही सात मूलद्रव्ये म्हणजे सा ते नी धरा, आठवे सोडियम म्हणजे वरचा सा. अष्टकांचा नियम तो हाच. कॅल्शियमपर्यंत तो छान चालतो, पुढे क्लोरीन वायूच्या पंगतीत कोबाल्ट आणि निकेल हे धातू येऊन बसतात. १८६६ साली लंडनच्या केमिकल सोसायटीत त्यांनी हे वाचले तेव्हा फॉस्टर नावाच्या प्राध्यापकांनी विचारले, मूलद्रव्ये वर्णानुक्रमे लावून पाहिलीत का? मला हा प्रश्न फार लागतो. न्यूलँड्सना आवर्त दिसले होते, ऐकणाऱ्यांना तक्ताच दिसला.

चूक अशी होती की न्यूलँड्सनी प्रत्येक फेरा सारख्याच लांबीचा धरला. तालात ते खरे आहे, मूलद्रव्यांत नाही. आजच्या सारणीत सात आवर्ते आहेत आणि त्यांत अनुक्रमे २, ८, ८, १८, १८, ३२, ३२ मूलद्रव्ये आहेत, मिळून ११८. आवर्तन लांबत जाते, सम मात्र चुकत नाही.

रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्ह यांचे मोठेपण इथेच आहे. १८६९ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये त्यांनी ६३ मूलद्रव्ये मांडली ती फेऱ्याची लांबी आधी न ठरवता, गुणधर्म जुळतील तिथे. जुळले नाही तिथे घर रिकामे ठेवले. त्या पहिल्या पत्रकाच्या मथळ्यात 'आवर्त' या अर्थाचा शब्दच नव्हता, मूलद्रव्यांच्या व्यवस्थेचा एक प्रयत्न, एवढेच म्हटले होते. शिवाय त्यात आवर्ते उभी होती आणि सारख्या गुणांची मूलद्रव्ये आडवी. म्हणून 'आवर्त म्हणजे आडवी ओळ' ही व्याख्या मुलांनी पाठ करू नये. आवर्त म्हणजे एक पुरा फेरा, तो आज आपण आडवा लिहितो इतकेच. (क्रम अणुभाराने नव्हे, अणुअंकाने, म्हणजे अणूतल्या प्रोटॉनांच्या संख्येने लावायचा, हे १९१३ मध्ये मोझली यांच्या प्रयोगांनी पक्के झाले. अरगॉन पोटॅशियमहून जड असून त्याच्या आधी का, याचा उलगडा त्याने झाला.)

उभ्या स्तंभाला 'गण' म्हणतात, तोही शब्द मला फार आवडतो. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना धातूंचे गण आठवतील: एका गणातले धातू सारखेच चालतात. सोडियमच्या ऑक्साइडचे सूत्र कळले की पोटॅशियमचे वेगळे पाठ करावे लागत नाही. 'गच्छति' आले की 'वदति' येते, तसेच.

राहिला 'आवर्ती'चा प्रश्न. आवर्ती हे विशेषण आहे. ठेव दर महिन्याला पुन्हा भरतो म्हणून ती आवर्ती ठेव. गुणधर्म परत येतात म्हणून ते आवर्ती गुणधर्म, त्यांचा नियम तो आवर्ती नियम. सारणी स्वतः काही परत येत नाही. ती आवर्तांची सारणी आहे, म्हणून षष्ठी तत्पुरुष समास करून 'आवर्तसारणी' असा एक शब्द लिहावा. 'आवर्ती सारणी' लिहिणाऱ्याला मी अडवणार नाही, पण स्वतः लिहीत नाही.

याच धड्यातला आणखी एक शब्द नातीला अडवेल. रिकाम्या घरांतल्या मूलद्रव्यांना मेंडेलीव्हनी तात्पुरती नावे दिली ती आपल्याकडे एका-बोरॉन, एका-ॲल्युमिनियम, एका-सिलिकॉन अशी लिहितात. हा 'एका' म्हणजे 'एका गावात'मधला 'एका' नव्हे. तो संस्कृत 'एक' आहे, सिलिकॉनच्या पुढे एक घर, या अर्थाचा. दोन घरे पुढे असेल तिथे त्यांनी 'द्वि' वापरला होता. रशियातून रोमन लिपीत फिरून आपला शब्द आपल्याकडे परत आला आणि वाटेत त्याला काना लागला. मी तरी तो 'एक-सिलिकॉन' असाच लिहीन. त्याचा अणुभार सुमारे ७२ असेल असे मेंडेलीव्हनी सांगून ठेवले होते. १८८६ मध्ये जर्मनीत विंकलर यांना ते मूलद्रव्य सापडले, त्याचे नाव जर्मेनियम, अणुभार ७२.६.