पुणे मेट्रोत नव्याने चढताना

नकाशा पाठ करत बसू नकोस. मार्ग दोनच ध्यानात ठेव: जांभळा पिंपरी-चिंचवड महापालिकेपासून स्वारगेटला जातो, निळसर ॲक्वा वनाजहून रामवाडीच्या दिशेने. दोघांची गाठ फक्त एकाच ठिकाणी पडते, सिव्हिल कोर्टला. गाडी बदलायची ती तिथेच.

पण ही अदलाबदल म्हणजे समोरच्या फलाटावर टुणकन उडी मारणं नव्हे. जांभळी गाडी जमिनीखाली सुमारे 33 मीटरवर थांबते आणि ॲक्वा डोक्यावरच्या पुलावरून धावते. सरकत्या जिन्यांमागून सरकते जिने. हाताशी पाच-सात मिनिटं ठेवच, बरोबर आई-आजी असतील तर थेट लिफ्ट शोध. मधेच बाहेरच्या गेटकडे भरकटू नकोस. एकदा तिकीट स्कॅन होऊन बाहेर पडलास की नवं तिकीट काढावं लागेल.

स्टेशनांच्या नावांवरही फार विसंबू नकोस. जुन्या नकाशात ‘भोसरी’ दिसलं तर ते नाशिक फाट्याचं स्टेशन, भोसरी गाव तिथून बरंच लांब. एसटी पकडायची तर स्वारगेट, रेल्वे पकडायची तर शिवाजीनगर किंवा पुणे रेल्वे स्टेशन, एवढं सोपं आहे.

गणपतीत मात्र सगळ्यांसारखा मंडईला उतरू नकोस. कसबा पेठेत उतर, दर्शन घेत चालत जा आणि परतीला मंडईतून गाडी धर. उलटं केलंस तर गर्दीच्या तोंडावर जाशील. तिकीट मोबाईलवर आधीच काढ, खिडकीपाशी रांग असते.