झाड आवडतं, पण जागेला मानवेल का?

आवडतं झाड कोणतंही असो, पूर्ण वाढल्यावर ते केवढं होईल हे आधी बघा. वड-पिंपळ मलाही प्रिय, पण भिंतीजवळ नकोच. मुळं फटीत शिरली की बांधकाम उखडतं. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. दिसतो झकास, पण मुळं उथळ आणि लाकूड ठिसूळ, वादळात फांद्या मोडतात. जागा बेताची असेल तर सरळ बहावा लावा. उन्हाळ्यात पिवळे घोस लोंबायला लागले की बघत राहाल!

रोप घेताना उंचीला भुलू नका. पिशवीच्या तळाशी मुळं गोल गोल गुंडाळलेली दिसली तर दुसरं रोप मागा. आणि लावताना बुंधा मातीत खोल गाडू नका, साल कुजते.