इमान, अनामत आणि कुलूप

नाशिकच्या इंदिरानगरातल्या एका वाचकांनी त्यांच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावरची सूचना मला पाठवली आहे. १५ ऑगस्टच्या आधी तिथे कुणीतरी लिहिले होते : ‘बी विंगमधल्या दोन घरांनी तिरंग्यासोबत फोटो टाकून त्यांचा इमान सिद्ध करावा.’ ती दोन घरे कोणाची हे सांगायला नको. बाकीच्या अडतीस घरांना असली सूचना नव्हती. वाचकांनी विचारले आहे की ‘इमान सिद्ध करणे’ हे मराठी आहे का, की ‘निष्ठा सिद्ध करणे’ म्हणावे?

मराठी नाही, मुळीच नाही. ‘ईमान साबित करो’ ही हिंदी वाहिन्यांवरच्या रात्री नऊच्या आरडाओरड्यातली चीज. तिच्यातले ‘साबित’ काढून ‘सिद्ध’ बसवले की मराठी झाले असे लोकांना वाटते. वर्षभरात मी हे सीबीएसच्या (मध्यवर्ती बसस्थानकाच्या) रिक्षा थांब्यावर ऐकले, लग्नाच्या पंगतीत ऐकले आणि एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या तोंडूनही ऐकले. राग मुख्याध्यापकांचा आला.

मराठीत सिद्ध होतो तो गुन्हा, प्रमेय, फार तर मंत्र. इमान राखतात, इमानाला जागतात, आणि वाईट माणसे ते विकतात. चाकरी ‘इमानेइतबारे’ करतात. या शेवटच्या शब्दावर मी तासभर बोलू शकतो. दोन्ही नामे अरबी, दोघांना जोडलेला ‘ए’ मात्र अस्सल आपला तृतीयेचा. ‘इतबार’ आणि दस्तऐवजातली ‘इबारत’ ही सख्खी भावंडे, हे जाता जाता. पण मुद्दा इमानाचा आहे.

प्रामाणिकपणा, सचोटी वगैरे अर्थ कुठल्याही कोशात मिळतील, त्यात वेळ घालवत नाही. मूळ अरबी शब्द ‘ईमान’, धातू अ-म-न. भरवसा आणि सुरक्षितता ही या धातूची दोन टोके. ‘अमन’ त्यातलाच, ‘अमीन’ त्यातलाच. मशिदीत प्रार्थनेअखेर म्हणतात ते ‘आमीन’ आणि शरणपूरच्या चर्चमधले ‘आमेन’ हे दोन्ही याच कुळातले, कारण हिब्रू ही अरबीची बहीण. अरबीत ईमान म्हणजे ईश्वरावरची श्रद्धा. म्हणजे मुसलमान माणसाला ‘इमान सिद्ध कर’ म्हटले, तर त्याच्या कानाला ते ‘अल्लावर श्रद्धा आहे हे दाखव’ असे ऐकू येते. जुन्या नाशकात माझे एक बाइंडर आहेत, त्यांना मी ही सूचना वाचून दाखवली. ते म्हणाले, “वो तो पाँच वक्त करताच हूँ.” आणि खळ लावत बसले. (बाइंडर म्हणून ते बेभरवशाचे आहेत. माझ्या कोशाचे दोन फर्मे (घडी घातलेल्या छापील पानांचे जुडगे) त्यांनी उलटे शिवले आणि तीन आठवड्यांचे दोन महिने केले.)

पण दोन महिन्यांनी कोश हातात देताना त्यांनी जो शब्द वापरला त्यासाठी मी उलटे फर्मे माफ केले. “ये लो सर, आपकी अमानत.”

अमानत! इमानाची सख्खी बहीण, आणि मराठीत तिचे रूप ‘अनामत’. म आणि न यांनी जागा बदलल्या. याला वर्णविपर्यय म्हणतात आणि परक्या शब्दांशी हा खेळ आपण मनसोक्त खेळलो आहोत. ‘नुकसान’चे खेडोपाडी ‘नुसकान’ झाले. अरबी ‘कुफ्ल’ उलटापालटा होऊन ‘कुलूप’ झाला, आणि आज ‘कुलूप’ परका आहे म्हटले तर लोक भांडायला उठतील. हिंदी ‘डूबते’ तिथे मराठी ‘बुडते’, हाही त्याच जातीचा प्रकार. अमानतीची अनामत का झाली याबद्दल माझा एक लाडका तर्क आहे. त्याला पुरावा मागू नये. वहीत ज्या रकमेवर आपले नाव नाही, जी आज ना उद्या परत द्यायची आहे, ती ‘अ-नाम’ रक्कम, असे कुण्या कारकुनाच्या कानाला वाटले असणार. अरबी शब्दाला त्याने नकळत संस्कृत अंगरखा चढवला. निवडणुकीत एकूण वैध मतांच्या एक-षष्ठांशाहून जास्त मते न मिळालेल्या उमेदवाराची जप्त होते ती हीच अनामत, म्हणजे नात्याने इमानाची बहीणच.

आता या बहिणीकडून इमानाचा अर्थ पाहा. अनामतीत भरवसा आधी कोणी टाकायचा? ठेवणाऱ्याने. मी कोश बाइंडरकडे दिला तेव्हा त्यांच्याकडून काही सिद्ध करून घेतले नव्हते. रोज दुकानात जाऊन ‘माझा कोश दाखवा’ म्हटले असते तर ती अनामत राहिली नसती, ती झडती झाली असती. बी विंगला मागितले गेले ते झडतीच्या जातीचे आहे. त्याला इमानाचे नाव देऊ नये.

आमच्याच गावचे एक ‘अभ्यासक’ सांगत फिरतात की इमान हा ‘ई’ अधिक ‘मान’ असा शुद्ध संस्कृत शब्द आहे. हा ‘ई’ कोण, हे त्यांना विचारावे. भगूरच्या सावरकरांचा प्रश्न वेगळा. त्यांना हे शब्द परके आहेत हे नीट माहीत होते, म्हणून तर ते हाकलायचे होते. ‘दिनांक’, ‘महापौर’, ‘हुतात्मा’ हे त्यांनी दिलेले शब्द आपण रोज वापरतो, त्यांचे ऋण मान्य. फारसी-मराठी कोश रचणारे माधवराव पटवर्धनसुद्धा पुढे भाषाशुद्धीच्या बाजूला गेले, याचे मला अजून वाईट वाटते. पण इमानाच्या जागी ‘निष्ठा’ ठेवून भागते हे या पंथाचे गृहीतक चूक आहे. आणि गंमत बघा, ‘बेइमान’ (फारसी उपसर्ग, अरबी नाम), ‘गद्दार’, ‘नमकहराम’, ‘मुर्दाबाद’ : शिवी देताना भाषाशुद्धी कोणालाच आठवत नाही. मुसलमानाला हिणवायलाही शब्द त्याच्याच मशिदीच्या बाजूने आलेले लागतात.

‘निष्ठा’चे म्हणाल तर या शहरात तिचा इतिहास फार चांगला नाही. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. त्या काळात सरकारला हवा असलेला शब्द होता ‘राजनिष्ठ’. निष्ठा दाखवा, जमल्यास जाहीर सभेत दाखवा, ही मागणी तेव्हा साहेबाची होती. आज त्याच कान्हेऱ्यांच्या नावाच्या मैदानावर देशभक्तीची भाषणे होतात आणि भाषेचा घाट साहेबाचाच असतो, एवढे नोंदवून ठेवतो.

शिवाय निष्ठासुद्धा सिद्ध करत नाहीत. मंत्र्यांची शपथ आठवा : संविधानाबद्दल ‘खरी श्रद्धा व निष्ठा बाळगीन’. क्रियापद ‘बाळगणे’. खिशात रुमाल बाळगतात तसे, चारचौघांत फडकवलाच पाहिजे असे नाही. केरळमधल्या तीन भावंडांना शाळेने राष्ट्रगीत गायले नाही म्हणून काढले होते. ती मुले राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण त्यांच्या ख्रिस्ती पंथाच्या श्रद्धेमुळे गात नसत. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. तोंड उघडलेच पाहिजे असा कायदा नाही, असे तिथे ठरले. न्यायमूर्तींना मराठी येत असते तर ‘बाळगणे’ हा शब्द त्यांनी नक्की वापरला असता.

हां, मूळ प्रश्न. ‘इमान सिद्ध करणे’ चूक, ‘निष्ठा सिद्ध करणे’ ही तशीच चूक. आणखी एक, जे वाचकांनी विचारलेच नाही : इमान मराठीत नपुंसकलिंगी आहे. ‘त्यांचे इमान’. ‘त्यांचा इमान’ हेही हिंदीच. एवढे सगळे दुरुस्त केल्यावर त्या सूचनेत मला ठेवण्याजोगे जे उरले ते असे : ‘१५ ऑगस्ट, सकाळी ८ वाजता, गच्चीवर झेंडावंदन. सर्वांनी यावे.’ ‘सर्वांनी’वर अनुस्वार आहे, टाइप करताना तो सुटतो.